पिवळ्या बाहीतला हात

आधीच सांगते, भूतखेत, संकेत वगैरे मी मानत नाही. मानणार कशी? माझं कामच लोकांच्या डोळ्यांना फसवायचं आहे. म्युझिक व्हिडिओ करते मी. बजेट छोटं, त्यामुळे असिस्टंट डायरेक्टर मीच आणि एडिटरही मीच. हिरोइनचे केस उडतात ते जुहूच्या वाऱ्याने नाही, मागे पेडेस्टल फॅन धरून कोणीतरी उकिडवं बसलेलं असतं. गिटारला वायर नसते. ओठ आता हलतात, आवाज कधीच रेकॉर्ड झालेला असतो. पडद्यावर काही विचित्र दिसलं की मी एवढंच विचारते, हे केलं कसं? एका शॉटबद्दल मात्र मला ते सांगता येत नाही... आणि तो शॉट मीच दिलाय.

माझे बाबा बेंजो वाजवायचे. मुलुंडला आमच्या बाजूला हळद असो की गणपती, त्यांच्या पार्टीशिवाय पान हलायचं नाही. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. मला त्यांनी कधी हात लावू दिला नाही, सूर उतरतात म्हणे. गेल्या वर्षी एका हळदीच्या गाण्यासाठी त्यांना स्टुडिओत बोलावलं — आयुष्यात पहिल्यांदा. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. म्हणजे बाबांचं वाजवणं म्हणून जगात तेवढं एकच गाणं उरलं होतं.

त्या गाण्याचा व्हिडिओ मी भांडून आमच्याकडे आणला. बेंजो घेऊन बसणार होता एक देखणा मॉडेल, रिवाजच आहे तो. बाबांना सांगितलं तर आपल्या मालवणीत म्हणाले, "तो पोरगो कसोय हात फिरवतलो. माका दाखव नको."

लागलं मला ते, कारण खरं होतं. आमच्याकडे वाद्य घेऊन बसणाऱ्याची बोटं सुरांना कधीच जुळत नाहीत, आणि बघणाऱ्यांनाही ते चालतं. बाबांना चालणार नव्हतं.

शूट अंधेरीला, साकीनाक्याच्या एका गाळ्यात, भर दुपारी. मॉडेलला पुढे दुसरं शूट होतं, तो हाताचा क्लोजअप न देताच पळाला. आमचा कॅमेरामन रोहन म्हणाला, "तूच दे ना गं. डावा हातच तर दिसणार." मी नेलपॉलिश पुसलं, मॉडेलचा पिवळा कुर्ता चढवला आणि बसले.

शॉट स्लो मोशनचा होता. त्यासाठी सेटवर गाणं दुप्पट वेगाने लावतात, कॅमेराही दुप्पट फ्रेम घेतो. एडिटला सगळं अर्ध्यावर आणलं की हालचाल गाण्याला जुळते, पण उधळलेली हळद हवेत तरंगत राहते. गाणं सुरू झालं, उंदीर चिरकल्यासारखं. त्या स्पीडला कुठली डोंबलाची बटणं दाबणार मी? आपली बोटं फिरवली झालं. रोहन म्हणाला, "झकास. दुसरा टेक नको."

एडिटला बसले, शॉट गाण्यावर ठेवला आणि थिजलेच. प्रत्येक सुराला बोट पडत होतं. एकेक फ्रेम पुढे-मागे करून बघितली — एकही चूक नाही. फक्त अंतऱ्याच्या आधी बेंजो थांबतो, नुसती ढोलकी उरते, तिथे बोटं धावतच होती. खरं सांगू? बरं वाटलं मला. चला, इथे तरी चुकले. त्यावर मॉडेलचं हसू टाकून झाकायचं ठरवलं.

पण त्याआधी तो शॉट बाबांना जबरदस्तीने दाखवला. ढोलकी आली आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"ही माझी जागा," ते म्हणाले. "रेकॉर्डिंगात माका अचानक सुचली. त्यांनी कापल्यानी."

जागा म्हणजे वाजवता वाजवता घेतलेली सुरांची छोटीशी नक्षी. मी संगीतकाराला फोन लावला. तो म्हणाला, "हो, तिथे ढोलकी मोकळी हवी होती, म्हणून बेंजो बंद केला. तुला कोणी सांगितलं?" मी मूळ रेकॉर्डिंग मागवलं, शॉटखाली लावलं. धावणाऱ्या प्रत्येक बोटाखाली एकेक सूर येऊन बसला. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, लाज कसली.

मैत्रीण म्हणते, लहानपणापासून बघून बघून हातात बसलं असेल. गाण्यापुरतं मान्य. पण ती जागा बाबांना त्या दिवशी पहिल्यांदा सुचली, आणि मी तिथे नव्हतेच. सेटवरही वाजलं ते कापलेलंच गाणं.

पुन्हा भांडले आणि ती जागा गाण्यात परत घालून घेतली. शॉट अख्खा ठेवलाय. अभिमानाने सांगते, त्या व्हिडिओत तेवढी एकच गोष्ट खरी आहे.

बाबा आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तो शॉट लेकीचा म्हणून दाखवतात. "हात बघा. माझा चेडू वाजवता." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. परवा त्यांनी स्वतःच बेंजो माझ्यापुढे ठेवला. मी बोटं टेकवली... साधा सा सापडेना.

"बाबा, मला खरंच येत नाही हो. तो हात तुमचा होता."

माझी बोटं बाजूला करून त्यांनी आपला डावा हात बटणांवर ठेवला. "तू तारो छेड."

मी उजव्या हाताने तारा छेडत राहिले, ते बटणं दाबत गेले. अडखळत का होईना, ती जागा अख्खी वाजली. बाबा हसले.

"तेव्हा पण असाच झाला आसतला," ते म्हणाले.

याहून बरं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.