किल्लीच्या कवितेचं गाव

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं आणि आईनं जाहीर केलं, "मला उद्या शांताकडे सोड. नाही सोडलंस तर गणेशपेठहून एसटीनं जाते. बायकांना अर्धं तिकीट आहे." आईचा असा सूर लागला की घरात कोणी वाद घालत नाही. मी गाडीत पेट्रोल भरून आणलं.

हा हट्ट कशासाठी, ते सांगते. नागपुरात आमच्या प्रताप नगरात हळदीकुंकू असो की भिशी, आईची एक कविता कोणीतरी म्हणतंच:

किल्ली खोचून कमरेला
मामाजी बसले ओसरीला,
पानं वळली, झुकली फांदी,
पाणी कोण देईल लेकराला?

तरुणपणी आई नरखेड तालुक्यात, शांतामावशी या मैत्रिणीच्या सासरी राहायला गेली होती. बागेत संत्र्याची झाडं सुकलेली, विहिरीत पाणी भरपूर, आणि मावशीचे सासरे, म्हणजे तिचे मामाजी, पंपाची किल्ली कमरेला लावून स्वस्थ बसलेले. आई संतापली, नागपूरला आली आणि लिहून मोकळी झाली. चांगला बहर यावा म्हणून हिवाळ्यात झाडांचं पाणी मुद्दाम तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात, हे तिला फार उशिरा कळलं. तोवर कविता गावोगाव गेली होती आणि शांतामावशीनं बोलणं टाकलं होतं. ती आता तरी बोलेल का, एवढंच आईला पाहायचं होतं. फोन केला नाही. फोनवर नाही म्हणणं फार सोपं असतं.

तिकडे जाणार असाल तर काटोल रोडनं सकाळी लवकर निघा. काटोलपर्यंत गाडी छान पळते. नरखेडच्या पुढे आत वळलं की ट्रॅक्टरच्या मागे गुपचूप चालवायचं. काटोलला तर्री पोहे खा, पण तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, वेगळी मागा, नाहीतर माझ्यासारखं पुढचं गाव येईस्तोवर नाक पुसत बसाल. एरवी आई माझ्या प्लेटमधली तर्रीही ओढते. त्या दिवशी तिनं अर्धे पोहे तसेच ठेवले.

पुढे दोन्ही बाजूंना बागा लागल्या. पानं मलूल, वळलेली. "बघ," आई म्हणाली, "कोणालाही वाटेल, झाडं मारताहेत." मला तर अजूनही तसंच वाटत होतं.

शांतामावशी अंगणात तूर पाखडत होती. तिनं वर पाहिलं, आईला ओळखलं आणि सूप खाली ठेवलं नाही. तिच्या कमरेला किल्ली होती.

"काहून आली वं सुमन?"

"तुला भेटायला."

"तुह्या कवितेचं शाळेत नाटक केलं होतं पोरायनं, माहीत हाये तुले? एका पोरानं पांढऱ्या मिशा लावल्या, कमरेले हे मोठी किल्ली. मामाजी पुढच्याच रांगेत बसले होते. सारे हासले, तेही हासले. घरी येऊन जेवले नाही." मावशी पुन्हा पाखडू लागली. "त्यायले दोन पोरं होते. पण हात चालेनासे झाले तेव्हा किल्ली मले देल्ली. मले, सुनेले. हे नाही आलं तुह्या कवितेत."

मला वाटलं, आई आता रडेल. ती रडली नाही.

"माफी मागून काही भरून येणार नाही, शांता. तेव्हा मी फुलं न पाहताच गेले. ती पाहायला आले."

"पाणी उद्या सोडून राहिलो. फुलं यायले लय वेळ हाये."

"मग थांबते."

"अन् घरचं कोण पायनार?"

"ही आहे ना."

मला कोणी विचारलंच नव्हतं. मावशीनं सूप खाली ठेवलं. मग ती उठली आणि भाकरीचं पीठ काढायला आत गेली. त्या दिवशीचं वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर मी तरी विसरणार नाही, पण जेवताना त्या दोघी फक्त वाढण्यापुरतं बोलल्या.

सकाळी लाइट येताच आम्ही बागेत गेलो. मावशीनं पंपाच्या पेटीचं कुलूप काढलं आणि बाजूला झाली. "दाब," ती आईला म्हणाली. आईनं बटण दाबलं. मोटर घुरघुरली, नळ्यांतून पाणी टपकू लागलं. आई एका झाडाच्या आळ्यापाशी बसली ती चहाला हाक मारेपर्यंत हलली नाही. मी एकटीच नागपूरला परतले. वाटेत ताजी मोसंबी घेतली; बागेवरच घ्या, शहरापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात.

आई फेब्रुवारीत आली, एसटीनं, अर्ध्या तिकिटात. पिशवीत संत्र्याची फुलं होती, वाटेत चुरगळलेली. त्यांचा वास कपाटाला अजून येतो. माझ्या मनात मात्र मिशा लावलेल्या पोराला हसणारे आजोबा राहिले. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, तरी मला त्यांचं फार वाईट वाटतं.

त्याच आठवड्यात भिशीला आईला कविता म्हणायचा आग्रह झाला. तिनं म्हटली, एक शब्दही न बदलता. टाळ्या झाल्या, पण ती बसली नाही.

"नंतर फुलं आली," ती म्हणाली. "झाडं पांढरी झाली होती. मी पाहिली. आणि ती किल्ली त्या माणसानं आपल्या सुनेला दिली."

मागून एकीनं विचारलं, "काय नाव होतं हो त्यांचं?"

"नत्थूजी," आई म्हणाली, आणि मग खाली बसली.