निशाणी तराजू

"नाच वं," भाईजी म्हणाले. "साहेबले दखाड."

माझी मोठी बहीण, जिजी, भाईजींच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी होती. हातात कान तुटलेला कप. तो आमच्यासाठीचा कप. गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असायचा. चहा झाला की आपणच धुवायचा आणि परत खोचायचा.

ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. भाईजी निवडून आले होते आणि मुंबईहून त्यांच्या पक्षाचे मोठे पुढारी सत्काराला आले होते. पुढाऱ्यांनी विचारलं, "डोंगरातल्या पेट्या अशा भरल्या कशा? तिकडचं काम कोणी पाहिलं?"

भाईजींनी शेजारच्या वकिलाच्या खांद्यावर हात ठेवला. "आमचे वकीलसाहेब. सगळा डोंगर पायी तुडवला त्यांनी."

वकीलसाहेब खाली बघून हसले. त्यांची जीप पहिल्याच घाटात तापली होती आणि ते तिथूनच माघारी फिरले होते. जीपमध्ये पाणी ओतणारा मीच होतो.

डोंगरातलं काम जिजीने केलं होतं. सगळं. एखाद्या बाईने निवडणूक चालवावी आणि तीही भिलाच्या, हे आमच्या तापीकाठाने तोवर पाहिलं नव्हतं. पाहिल्यावरही कबूल केलं नाही.

पुढाऱ्यांची नजर तिच्यावर गेली. "ही कोण?"

"आमच्याकडची भिलीण," भाईजी त्यांच्याशी शुद्ध मराठीत बोलत. "शेणपाणी करते. नाचते छान." मग तिच्याकडे वळून ते आमच्या बोलीत म्हणाले, "नाच वं." आणि मला, "तू ढोल ले रे."

मी ढोल घेतला.

कोणी पाठीत काठी घातली नव्हती. मी त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा, त्यांच्या बांधावरच्या झोपडीत राहणारा. मालक म्हणाला 'ले', मी घेतला. गळ्यात अडकवला आणि वाजवायला लागलो. ते अंगण ज्या जमिनीवर होतं ती माझ्या आज्याची जमीन, असं आमच्या घरात सगळे म्हणत. मोठ्याने कोणी म्हणत नसे.

जिजी नाचली नाही. तिने कप खाली ठेवला आणि ओसरीच्या पायरीपर्यंत गेली. तिथवर आम्ही जायचं नसे.

"भाईजी, मोलगीना तराजूनं काय?"

तराजूचं काय, ते आधी सांगतो.

सत्तावन सालची ती निवडणूक. आमच्या मतदारसंघात एक जागा राखीव होती, एक खुली. खुल्या जागेवर भाईजी. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर निशाणी चिकटवलेली. आपला कागद आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. भाईजींची निशाणी तराजू. पक्षाला ठरलेली निशाणी नव्हती, म्हणून वकिलाने ती हौसेने निवडली होती. न्यायाचं चिन्ह, म्हणाला.

जिजी तेव्हा अंगण सारवत होती. हातातला पोतेरा टाकून हसायला लागली.

"हाशी का ऱ्हायनी वं?" भाईजी म्हणाले.

"डोंगरमा ह्या पेटीले कोणी हात लावाव नही."

ती डोंगरातच दिलेली होती. नवरा वारला तेव्हा खाली परत आली. मोलगीचा बाजार तिला हातावरच्या रेषांसारखा पाठ. बायका चारोळी, डिंक, महू म्हणजे मोहाची फुलं डोक्यावर घेऊन दिवसभर चालत येणार. व्यापारी वजनाच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवून चारोळी घेणार आणि बदल्यात मीठ देणार. मीठ मोजताना तो गोळा मिठाच्या पारड्याखाली. त्या लोकांच्या घरात लुबाडणाऱ्या माणसाला तराजूवाला म्हणत. आणि भाईजी तेच चित्र घेऊन मत मागायला निघाले होते.

वकील चिडला. निशाणी आता बदलत नाही, म्हणाला. भाईजी मात्र हुशार. त्यांनी विचारलं, "मंग काय करो?"

"खरा तराजू द्या. बाजारमा लावू. लोक आपला माल आपण मोजतीन, मंग व्यापारीकडे जातीन."

"दिना."

"निवडून येवावर?"

"कायमना ऱ्हाई. मी ठेवसू."

जिजीने तेवढ्यावर भागवलं नाही. प्रकाशा गावाच्या नदीघाटावर नेऊन तिने भाईजींना तापीचं पाणी हातात घ्यायला लावलं. वकील म्हणाला, भलती आगाऊ बाई आहे. होतीच. जिजी कधी कोणापुढे वाकून बोलली नाही. प्रचाराच्या दिवसांत ती भाईजींनाही झापायची, आणि ते ऐकून घ्यायचे. मत हवं होतं ना.

भाईजींची जीप तिने घाटाखाली सोडायला लावली. कर्णा नको म्हणाली. डोंगरात कर्णा ओरडला की लोक जंगलखात्याचा माणूस आला म्हणून पळतात. मी ढोल घेऊन पुढे. ढोल ऐकून लोक पाड्यातून बाहेर यायचे. तराजू माझ्या खांद्यावर, सागाची दांडी आणि बांबूच्या दोन टोपल्या. कोणत्या पाड्यावर आधी म्हातारीशी बोलायचं, कुठे कारभाऱ्याशी, कुठे भाईजींनी तोंड उघडायचंच नाही, हे ती ठरवायची. घासलेटच्या डब्यांवर कोळशाने निशाण्या काढायची आणि बायकांच्या हातात सागाचं पान द्यायची. पान कागद समजा, तराजूच्या डब्यात टाका. बायका हसत. चुकत. पुन्हा टाकत.

आणि प्रत्येक पाड्यावर शेवटी ती शब्द द्यायची. महूच्या दारूची धार जमिनीवर सोडून. तिकडे धार सोडून दिलेला शब्द मोडत नाही. मोडावाच लागला, तर ज्याने दिला त्याने त्याच चुलीपाशी जाऊन, समोरासमोर बसून, परत घ्यायचा असतो.

मोलगीच्या बाजारात आमचा तराजू लागला तेव्हा पहिल्यांदा बायकांनी आपली चारोळी आपण मोजली. व्यापाऱ्यांची तोंडं काळी पडली. मतदानाला एक म्हातारा पेटीजवळ अडून बसला. साहेबाला विचारू लागला, चित्र आहे, तराजू कुठे? त्या लोकांनी निशाणीला मत दिलंच नाही. तराजूला दिलं.

आता परत अंगणात.

"मोलगीना तराजूनं काय?" जिजीने विचारलं.

"अवं, ती निशाणी व्हती," भाईजी म्हणाले. "निवडणूक सरनी, निशाणी सरनी."

ओसरी हसली. खुर्च्यांवर मोलगीचे दोन व्यापारीही होते. गळ्यात हार. ते तेव्हा मला दिसले.

"मी शब्द देल शे," जिजी म्हणाली.

वकील पुढाऱ्यांकडे वळला. "हिचा शब्द, म्हणे."

पुन्हा हसले सगळे. पुढारी म्हणाले, "बाई, तेवढं नाचून दाखवा, मग बोलू तराजूचं."

"मी नाचाले नही उनू," जिजी म्हणाली. "ईचाराले उनू. कळनं मले."

ती पाठ फिरवून फाटकातून बाहेर गेली. माझे हात थांबले होते. भाईजी म्हणाले, "तू कसाले थांबना? वाजाड."

मी वाजवलं. बहीण रस्त्याने चालली होती आणि मी तिच्या पाठीवर ढोल वाजवत होतो. वाजवून झाल्यावर कोणीतरी बुंदीचा लाडू ढोलाच्या कातड्यावर टाकला. माझ्या हाताला हात लागू नये म्हणून. लाडू उडाला, मी झेलला. लोकांना गंमत वाटली.

मी तो खाल्ला.

घरी गेलो. जिजी चूल फुंकत होती. मागे न बघता म्हणाली, "गोड व्हता का?"

शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोललो असतो.

दुसऱ्या सकाळी ती डोंगराकडे निघाली, शब्द परत घ्यायला. मी विचारलं नाही. ढोल घेतला आणि मागे गेलो. मालकाची मोट त्या दिवशी तशीच राहिली.

ज्या वाटेने प्रचार केला त्याच वाटेने आम्ही पुन्हा फिरलो. मी ढोल वाजवून लोक गोळा करायचो आणि ती चुलीपाशी बसून सांगायची. भाईजींनी मला फसवलं. मी तुम्हाला फसवलं. माझा शब्द परत द्या. काही ठिकाणी लोक ऐकून उठून गेले. एका पाड्यावर तिच्या पायाशी थुंकले. ती पुसायला वाकलीही नाही. पुढच्या पाड्यावर गेली. लोक निवडून आलेल्याच्या मिरवणुका काढतात. हरलेला शब्द घेऊन परत दारोदार जाणारं माणूस मी एकच पाहिलं.

मोलगीत तराजू बाजारातल्या झाडाला टांगलेलाच होता. तिथे एक म्हातारी होती, चारोळी विकणारी. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, शब्द ने. तराजू राहू दे.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा माणूस आला. जिजीकडे त्याने पाहिलंही नाही. मला म्हणाला, "भाईजीसना निरोप शे. तराजू खाले आन. आजच."

मालकाचा निरोप. अंगणातल्या 'ले'सारखाच. माझे हात त्याच सवयीने दांडीकडे गेले, हेही लिहून ठेवतो. जिजी बघत होती. बायका आपापल्या टोपल्या धरून बघत होत्या. मला ढोलावरचा लाडू दिसला.

"नही," मी म्हणालो.

"काय?"

"नही आनाव. जाय, सांग त्यासले."

तो शिवी देऊन पुढे आला. मी दांडी हातात घेतली. खांद्यावर ठेवायला नाही. त्याला ते कळलं. तो गेला.

खाली आलो तेव्हा झोपडीचं छप्पर काढलेलं होतं. भांडी बांधावर. साल मोडलं. गावात कोणी कामाला ठेवेना. आम्ही घाटाच्या पायथ्याला राहायला गेलो.

पुढच्या निवडणुकीला जिजीने आपल्यातला माणूस उभा केला. तोच ढोल, तेच डबे, तीच सागाची पानं. तेव्हा वेगवेगळ्या पेट्या जाऊन एकाच कागदावर शिक्का आला होता, म्हणून तिने बायकांना जळक्या लाकडाने पानावर खूण करायला शिकवलं. आमचा माणूस पडला. भाईजीही पडले. डोंगराने त्यांना शिक्का दिला नाही. त्यांच्या लोकांनी मला सारंगखेड्याच्या जत्रेत गाठून मारलं. डावा हात अजून नीट वर जात नाही. ढोलाला उजवा पुरतो.

काल वकीलसाहेबांची जीप आमच्या दाराशी आली. यंदा उमेदवार तेच आहेत. उतरून त्यांनी हात जोडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"जिजी आहेत का? यंदा त्यांना भाईजींच्या ओसरीवर खुर्ची देऊ."

आतून जिजी म्हणाली, "त्यासले सांग, खुर्चीवर तुम्हीच बसा. मले मोलगीले जानं शे."

वकील मला म्हणाले, "तू तरी शहाणा हो. उद्या मोठे साहेब येत आहेत. ढोल घेऊन अंगणात ये."

मी सांगितलं ते इथेही लिहितो. उद्या बाजार आहे. ढोल मोलगीला वाजेल, तराजूखाली, तुमच्या नावाविरुद्ध. त्या अंगणात तो पुन्हा वाजणार नाही. ती जमीन माझ्या आज्याची आहे. हे मी आता मोठ्याने बोलतो. ढोल तिथे परत आलाच, तर ती जमीन मागायला येईल. आणि तेव्हा आम्ही दोघंच नसू.