शिकागोच्या पोरीचा अर्ज

अचलपूरहून एसटीनं अमरावतीला कॉलेजात येणारी ती पोरगी माझ्या वाचनालयात पुस्तकांशी मोठ्यानं भांडते. सध्या भांडण चाललंय कादंबरीतल्या शिकागोच्या एका कृष्णवर्णीय मुलीशी. तिला ट्रम्पेट शिकायला कॉलेजात जायचंय आणि तिच्या आईची नोकरी गेलीय.

काल आमच्या अचलपूरच्या पोरीनं माझ्यापुढे फी माफीचा अर्ज आपटला. अर्जदार म्हणून त्या कादंबरीतल्या मुलीचं नाव!

“काका, शिक्का मारा.”

मी गंभीरपणे मारला. मागे टाचलेला उत्पन्नाचा दाखला पाहून मात्र उडालोच.

“अवं पोरी, हा तं तुह्या बाबाचा! आज तुह्या अर्जाची शेवटची तारीख हाय ना?”

“हाय. पण तिच्याजवळ दाखलाच नाही. आमच्या गावात नापिकी झाली म्हणून मले माफी भेटते. तिले कोण देईन?”

“शेवटचं प्रकरण वाचलं?”

“नाही. भेव लागते.”

“तिले प्रवेश भेटते,” मी ठणकावलं. “फी माफ. वरून हॉस्टेल!”

तिनं दाखला उपसला आणि कॉलेजकडे धूम ठोकली.

खरं सांगू? ती कादंबरी मी उघडलीही नव्हती. आता वाचतोय. शेवटचं प्रकरण उरलंय आणि मलेही भेव लागून राहिलं.