गाडीचा हंडा

जनूला आयुष्यात एकच धास्ती होती, कुणीतरी आपल्याला फसवेल. पेणच्या खारेपाटात त्याच्या बापाने मिठागरावर हाडं झिजवली आणि व्यापाऱ्याने मापात त्याला जन्मभर मारलं. दुधाने तोंड पोळलं बापाचं, ताक फुंकून प्यायला लागला मुलगा. बाजारात भाजीवाली त्याने न सांगताच दोनदा तोलून दाखवायची.

मिठागरं बंद पडल्यावर त्याने जुनी व्हॅन घेतली आणि गाव ते पेण माणसं न्यायला लागला. बाजाराच्या पाट्या, तापाने फणफणलेली पोरं, दाखल्यासाठी निघालेले म्हातारे, सगळे त्याच्याच गाडीत. त्यामुळे जनूचा शब्द गावात चालायचा. तो एखाद्या दुकानाला चांगलं म्हणाला तर गाव तिथे जायचं, आणि वाईट म्हणाला तर तिकडे कुत्रंही फिरकायचं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात गाडी तापायला लागली. गाडीचं सगळं काम वर्षानुवर्षं पेणचा हरेश बघायचा. त्याने पाईप सोडवून आत बॅटरी मारली आणि मान हलवली.

"काका, इंजिनाचा हेड आतून खाल्लाय. रेडिएटर पन गेला. अठ्ठावीस हजार होतील."

आकडा ऐकला आणि जनूचा बापच त्याच्या अंगात आला. गॅरेजमधल्या चार गिऱ्हाइकांसमोर त्याने हरेशला चोर म्हटलं.

"काका, गाडीत पानी कुठला घालता ते तरी सांगा," हरेश म्हणाला.

"पानी तू शिकवतोस मना?" जनू कडाडला आणि गाडी घेऊन निघाला.

मग आठवडाभर त्याने गाडी तशीच हाकली. दर खेपेला रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं आणि दर खेपेला हरेशची कीर्ती गायची. जिभेला काय हाड असतं? गावातल्या रिक्षा आणि मोटरसायकली हरेशचं दार सोडून दुसरीकडे जायला लागल्या.

जनूची मुलगी ऋतुजा रोह्याजवळ निडीला दिलेली. तिच्या नवऱ्याने रोह्याच्या एका मेकॅनिकचं नाव सांगितलं. परत येताना लेकीलाही भेटता येईल म्हणून बायको सरू गाडीत बसली. वाटेत गडब गाव येईपर्यंत तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. जनूने गाडी कडेला घेतली, ती थंड होऊ दिली आणि मागचा पाण्याचा डबा काढला. डबा निम्माच होता. सरूने आपली पाण्याची बाटली पुढे केली.

"ठेव गो," जनू म्हणाला. "ता टँकरचा पानी हाय. तुझ्या डोक्यावरना आलेला पानी गाडीला ओतू?"

खारेपाटात उन्हाळ्यात गोडं पाणी टँकरने येतं. बाया उन्हात रांग लावतात आणि हंडे डोक्यावरून घरी नेतात. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ, फक्त धुण्या-भांड्याचं. त्या गोड्या पाण्यातला एक थेंबही जनूने कधी गाडीला दिला नव्हता. गाडीला विहिरीचं. बायकोच्या कष्टाची आपल्याला कदर आहे, याचा त्याला मनातल्या मनात अभिमानही होता.

रोह्याच्या मेकॅनिकचं नाव प्रणित. त्याने रेडिएटरचं झाकण काढून जनूच्या हातात दिलं. आतल्या बाजूला पांढरा थर जमला होता.

"काका, समुद्राचं पाणी घालता काय गाडीत?"

जनूने नखाने थर खरवडला आणि जिभेला लावला. मिठागरावर वाढलेली जीभ ती. तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तो थर त्याच्याच विहिरीचा होता.

"तीस हजार तरी लागतील," प्रणित म्हणाला. "पेणला किती सांगितले?"

"अठ्ठावीस."

"मग तिथंच करा. त्यानं कमीच सांगितलेत."

जनू बाकड्यावर बसला. त्याला इतकी शरम वाटली की मान वर होईना. जन्मभर तो चोर शोधत फिरला आणि एका सरळ माणसाला चोर ठरवून बसला.

"सरू, मी त्या पोराचा नाव घालवला," तो म्हणाला.

सरूच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. "इतकी वर्सा गाडीला खारा पानी पाजलात? माझ्यासाठी?"

"व्हय. तुझे हाल बघवत नवते."

सरूने त्याच्याकडे पाहिलं. "बघवत नवते, तं एखादा हंडा उचलायचा व्हता."

बाप्यांनी टँकरच्या रांगेत उभं राहायचं नाही, अशी गावची रीत. ती कुणी घातली कुणास ठाऊक, बहुतेक बाप्यांनीच घातली असावी.

गाडी टेम्पोला बांधून पेणला आणली. हरेशने जनूचं सगळं ऐकून घेतलं. हात पुसत म्हणाला, "काका, गाडी मी करतो. पन गावात मना चोर केलाव, ता दुरुस्त करायचा काम मना येत नाय."

पुढच्या टँकरला जनू हंडा घेऊन रांगेत उभा राहिला. बायांमध्ये खसखस पिकली.

"सरू आजारी हाय का?" धोंडुबाईने विचारलं.

"नाय, ती तुझ्या मागं उभी हाय. हा गाडीचा हंडा." मग गाडीत बोलायचा त्याच मोठ्या आवाजात, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "हरेश चोर नाय. गाडी मी मारली, खारा पानी घालून. आनि आळ घेतला त्याचेवर. घरी जाऊन तुमच्या बाप्यांना सांगा."

जनूचा हंडा भरला. एके काळी मिठाच्या पाट्या वाहिलेला त्याचा खांदा गाडी चालवून चालवून मऊ पडला होता. बांधाच्या निम्म्यावरच त्याला हंडा खाली ठेवून दम घ्यावा लागला.

मागून सरू आली. तिच्या डोक्यावर दोन हंडे होते. ती थांबली नाही. त्याला वळसा घालून ती रोजच्या चालीने पुढे गेली, आणि जनू आपल्या एका हंड्याशेजारी उभा राहून तिच्याकडे बघत राहिला.