सगळ्यात हळू तो पुढे

दुकानात बसून किस्से साठत नाहीत, गिऱ्हाईक बोलूच देत नाही! ते साठतात पायी फिरताना. सिंदीत माझं बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे. ते उघडायच्या आधी आमची चौकडी फिरायला निघते. किराणावाले वसंतभाऊ, शेतकरी बबनराव, शेजारच्या पुष्पाकाकू आणि मी. एकेका गल्लीत एकेक किस्सा पडलेला आहे, कुठला सांगू आणि कुठला नको!

*

सुरुवातीला काकू रोज मागे पडायच्या. एक दिवस स्टेशन रोडच्या पुलियाच्या कठड्यावर बसल्या त्या बसल्याच.

"तुमाले चालाची घाई, मले बोलाची. मी काय तुमच्या पाठीसंगं बोलू?"

वसंतभाऊ आमच्यात सगळ्यात चपळ. त्यांनीच तिथल्या तिथे नियम केला, "आजपासून सगळ्यात हळू चालनारा पुढं! रस्ता तोच ठरवन. अन् त्याच्यापुढं कोनी जायचं नाई!"

*

मग काय, काकूंचं राज्य आलं! ज्या गल्लीत ओळखीचा ओटा, ती गल्ली आमची. फिरत फिरत वरात पोचली थेट भाजीबाजारात. काकूंच्या आग्रहाखातर बबनरावांनीही मेथीची जुडी घेतली. घरी बायकोने हात कपाळावर मारला.

"फिराले गेलते का पैसे फेकाले? आपल्या वावरात मेथी हाय न!"

*

एकदा बबनरावांच्या पायात काटा मोडला. लंगडत लंगडत ते पुढे, आम्ही मागे. नेलं कुठे, तर स्वतःच्या वावरात!

"आलेच हा तं थोडा कापूस येचा न!"

मी जन्मभर दुसऱ्यांच्या हातात बांगड्या भरल्या, कापूस पहिल्यांदाच वेचला. खरं सांगते, मजा आली. दुसऱ्या दिवशीही बबनराव लंगडतच हजर. काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बबनराव, काल तं उजवा पाय होता न?"

*

नियम केला वसंतभाऊंनी, पण त्यांना स्वतःला पुढे जायला कधी मिळालंच नाही. मुद्दाम हळू चालायला जायचे आणि दोन घरं ओलांडली की पाय आपोआप सुटायचे!

"माह्या नशिबात पुढं जानं नाईच व ताई," म्हणायचे.

आणि मग त्यांना लकवा मारला. जीव वाचला, बोलणंही शाबूत राहिलं, पण डावा पाय घासत चालायला लागले. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. ते मात्र घराबाहेर पडेनात. मुलाने दुकान सांभाळलं. आम्ही हाक मारली की आतून उत्तर यायचं, "लोकाले काय तमाशा दाखवू?" ज्या माणसाने आम्हाला चालतं केलं, तोच घरात बसून राहिला, याचं मला फार वाईट वाटायचं.

*

एका सकाळी काकूंनी वरात वसंतभाऊंच्या गल्लीत वळवली. ते काठी टेकून ओट्यावर उभे होते. आम्हाला पाहून कसनुसं हसले.

"बरा हाओ मी. जा तुमी पुढं."

काकू जागच्या हलल्या नाहीत. "कशी जाऊ? नियम कोनाचा हाय?"

बबनराव थांबले. मी थांबले. गल्ली अरुंद. मागून दूधवाल्याची गाडी आली, त्याच्यामागे केळीवाल्याची हातगाडी. हॉर्नवर हॉर्न!

"काऊन अटकले जी? गिऱ्हाइकं वाट पाहून राह्यले!" दूधवाल्याने आवाज दिला.

"पुढचा चालून नाई राह्यला!" काकू ओरडल्या.

"कोन पुढचा?"

काकूंनी ओट्याकडे बोट दाखवलं. साऱ्या गल्लीने तिकडे पाहिलं. वसंतभाऊंचा चेहरा लाल झाला. आता दार लावून घेतात, असं मला वाटलं. पण त्यांनी काठी खालच्या पायरीवर टेकवली. मग एक पाय. मग दुसरा, घासत.

ते निघाले. मागे काकू, बबनराव, मी, गाडी बंद करून ढकलत आणणारा दूधवाला आणि केळीवाला. गल्लीच्या टोकाला वसंतभाऊ धापा टाकत थांबले. दूधवाल्याला वाटलं, झालं यांचं. तो हळूच बाजूने गाडी काढायला गेला.

वसंतभाऊंनी काठी आडवी धरली.

"ए बाबू! माह्यापुढं कोनी जायचं नाई!"

आणि काठी स्टेशन रोडकडे वळवली.