छातीवरची तुळस

नाव विचारायचं राहिलं, पण बारामतीच्या दवाखान्यात भेटलेली ती बाई अजून आठवते. इंदापूरकडची, हातांवर डाळिंबाच्या काट्यांचे ओरखडे. कॅन्सरमुळे माझ्या स्तनाचं ऑपरेशन ठरलं होतं; तिचं तेच आधी झालेलं, ती तपासणीला आली होती. वरची कातडी राखून आतलं सगळं काढायचं आणि लगेच पोटाचं मांस भरायचं.

"कातडीत रोग राहिला तर?" मी विचारलं.

"मीबी भ्यालेच की. डॉक्टरला म्हणलं, आईनं गोंदवलेली तुळस हाय तितं, पर धोका आसंल तर तीबी काढा. तपासून म्हणालं, ऱ्हाऊ द्या."

तिनं पदर जरासा सरकवला. हिरवी तुळस जागच्या जागी होती.

"आई म्हणायची, मेल्यावर दागिनं हितंच ऱ्हात्यात, गोंदण तेवढं संगं येतं." ती खुदकन हसली. "म्हणून तपासणी चुकवत न्हाय. इतक्यात वर न्यायची न्हाय मला तुळस."