घडी घालून ठेवा

तिला सगळे कात्री म्हणतात. बारा वर्षं तिने कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतलं. कारखाना बंद पडल्यावर ती ऑनलाइन दुकानांची पानं बेतायला शिकली. नाव जुन्या धंद्यातलंच राहिलं, आणि जीभही नावाला शोभेल अशीच आहे. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा माझा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता, हे आधीच कबूल करते.

आमचं बटणांचं दुकान. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर आतलं एक बटण दोऱ्याने बांधलेलं. बाबांच्या गुडघ्यांनी आता उभं राहायला साफ नकार दिला होता आणि महिनाअखेरीला जागा सोडायची होती. मी म्हटलं, ऑनलाइन चालवू. तयार सॉफ्टवेअर घेतलं, नऊशे बटणांचे फोटो काढले, दुकान सुरू केलं. लोक यायचे, कार्टमध्ये बटणं टाकायचे आणि न घेताच निघून जायचे. पुन्हा पुन्हा तेच. शेवटी बाबा म्हणाले की असंच राहिलं तर तीस तारखेला घाऊकवाल्याला बोलावतो, तो सगळा माल किलोवर नेईल. चाळीस वर्षं एकेक बटण चिमटीत धरून दाखवणारा माणूस किलोची भाषा बोलत होता.

म्हणून कात्री. मी तिला सांगितलं, कार्टचं पान जरा देखणं कर, रंग बदल, बटणं मोठी कर. तिने लॅपटॉप उघडलाच नाही. एक स्टूल मागितलं आणि दुकानाच्या कोपऱ्यात जाऊन बसली. एक दिवस नाही, तीन दिवस. मी धुसफुसत होते. घर जळतंय आणि ही बाई विहिरीची खोली मोजत बसलीय, असं तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालेसुद्धा. ती फक्त बघत होती.

काय बघत होती? गिऱ्हाईक आलं की बाबा गल्ल्यावर पांढरा कपडा पसरतात. त्यावर बटणं शेजारी शेजारी मांडतात. नको असलेलं बटण खणात परत टाकत नाहीत, कपड्याच्या काठाला सरकवून ठेवतात. मग गिऱ्हाईक हमखास म्हणतं, घरी जाऊन कोटाला लावून बघते आणि येते. बाबा कपड्याची चारही टोकं आत घेतात, घडी घालतात आणि मागच्या फळीवर ठेवतात. त्या दिवशी फळीवर अकरा घड्या होत्या. एक तर चौदा महिन्यांपासूनची. ती बाई काय आता येतेय, म्हणून मी बाबांना कितीदा चिडवलं असेल.

तिसऱ्या दिवशी कात्रीने मला एकच प्रश्न विचारला.

“तुझ्या कार्टमधलं सामान किती वेळ राहतं?”

“एक तास. मग आपोआप रिकामं होतं. मीच तसं लावलंय, पसारा नको म्हणून.”

ती फळीकडे बघत म्हणाली, “आणि तुझे बाबा कपडा कधी झटकतात?”

मीही फळीकडे बघितलं. लोक कोट बघायला जात होते आणि परत येईपर्यंत मी त्यांचा कपडा झटकून टाकत होते. त्या फळीखाली बसून मी शाळेचा अभ्यास केला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

मग तिने काम सुरू केलं, आणि तेव्हापासून माझी बडबड थांबली. सॉफ्टवेअरच्या मूळ साच्याला तिने हात लावला नाही. त्याची प्रत काढली आणि जे बदलायचं ते प्रतीत बदललं. म्हणाली, कापडाला कात्री लावण्याआधी कागदावर बेतायचं असतं. कार्टमधली नावांची आणि आकड्यांची यादी गेली. तिथे पांढरा कपडा आला, त्यावर बटणं शेजारी शेजारी, खऱ्या मापाची. पडद्यावर खरं माप कसं कळणार, असं मी विचारलं. तिने पडद्याला माझं बँकेचं कार्ड टेकवलं आणि एक चौकट ओढून कार्डाएवढी केली. कार्ड सगळीकडे एकाच मापाचं असतं, त्यावरून पान उरलेला हिशेब करतं. मी खणातलं एक निळं बटण काढून पडद्यावरच्या निळ्या बटणावर धरलं. खालचं पूर्ण झाकलं गेलं, केसाएवढीही कड दिसेना. मी ते बटण काढून पुन्हा धरलं, चार वेळा.

संध्याकाळी बाबांना लॅपटॉपसमोर बसवलं. त्यांनी कार्ड टेकवलं, चार बटणं निवडली, एक नको म्हणून काढलं. ते नाहीसं झालं नाही. कपड्याच्या काठाला सरकून थांबलं. बाबांनी चष्मा काढला.

“हे हिला तू सांगितलंस?”

“मला कळलं असतं तर सांगितलं असतं ना, बाबा.”

कपड्याखाली दोनच पर्याय होते, ‘पाकीट करा’, म्हणजे विकत घ्या, आणि ‘घडी घालून ठेवा’. घडी घातली की तिचा दुवा गिऱ्हाइकाच्या फोनवर जातो आणि कधीही उघडतो. मुदत नाही. बाबांनी चष्मा पुन्हा लावला आणि घडी घातली.

नवं पान सुरू केलं आणि पुढचे पाच दिवस घड्याच पडत राहिल्या. उघडायला कोणी येईना. एकोणतीस तारीख उजाडली, घाऊकवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. दुपारी आमच्या पडद्यावर एक घडी उघडताना दिसली. तीन करडी बटणं. कोणीतरी काठाचं चौथं बटण उचलून मध्ये आणलं, एक करडं काठाला सरकवलं, थोडा वेळ काहीच हललं नाही, आणि मग पाकीट झालं.

“कोट बघून आली,” बाबा म्हणाले.

अंधार पडेपर्यंत आणखी सहा घड्या उघडल्या. बाबांनी घाऊकवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं, आणि खणांच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी कात्रीला फोन लावला, पण बोलायच्या आधीच रडू फुटलं. ती म्हणाली, “रड सावकाश, मी थांबते.”

जागा सोडली त्या दिवशी खण टेम्पोत गेले. अकरा घड्या मात्र बाबांनी पुढच्या सीटवर मांडीवर घेतल्या. आता आमच्या घराच्या मागच्या खोलीत तीच फळी आहे. कात्री ती लावायला मदत करत होती. चौदा महिन्यांची घडी हातात घेऊन तिने विचारलं, ही कुठे ठेवू?

“पुढे ठेव,” बाबा म्हणाले. “आली की लगेच सापडायला हवी.”